बूड टेकण्याची कला

शिल्पाला हल्ली नुसतं उभं राहून भागत नाही. एके काळी त्याचं काम सोपं होतं. चौथऱ्यावर चढायचं, लांब कुठेतरी बघायचं, जयंतीला एक आणि पुण्यतिथीला एक असे दोन हार घ्यायचे आणि उरलेलं वर्ष कावळ्याच्या हवाली करायचं. वर पुतळा, खाली माणसं, मध्ये लोखंडी कुंपण. कोणाचा कोणाला उपद्रव नव्हता. आता मात्र कलावंतांच्या मनाने असं घेतलंय की शिल्पाने लोकांत मिसळायला हवं. लोकांनी त्याला हात लावावा, त्याच्या अंगाखांद्यावर चढावं आणि पाय दुखत असतील तर त्याच्यावर खुशाल बसावं. इकडून बघितलं तर शिल्प, तिकडून बघितलं तर बाक.

लंडनच्या ब्रॉडगेट भागात २०१९ साली पॉल कॉकसेज नावाच्या कलावंताने असाच एक प्रकार केला. इमारतीच्या परांचीला वापरून झालेल्या फळ्या त्याने गोळा केल्या आणि त्यांच्या गोलाकार लाटा उठवल्या. लाट वर उठते तिथे माणसांनी खालून जायचं, लाट खाली येते तिथे बसायचं. नाव काय, तर ‘कृपया बसून घ्या’. आपल्याकडे हे वाक्य लग्नाच्या हॉलमध्ये माइकवरून ओरडावं लागतं आणि तरी कोणी ऐकत नाही. थॉमस हेदरविक याने तर भोवऱ्याच्या आकाराची खुर्ची काढली. तीत बसलं की माणूस कलंडतो, गरगर फिरतो, ओरडतो, पण सांडत नाही. त्याआधी शंभरेक वर्षं बार्सिलोनात अंतोनी गौदी याने टेकडीवरच्या बागेत सापासारखा वळणं घेत जाणारा लांबलचक बाक बांधला आणि त्यावर फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची नक्षी करवून घेतली. पाठीला तो बाक इतका बेतलेला बसतो की, गौदीने म्हणे एका मजुराला कपडे उतरवून ओल्या गिलाव्यात बसवलं आणि त्याच्या बुडाचा छाप घेतला, अशी कथा सांगतात. खरं-खोटं तो मजूर जाणे. पण बागेत येणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांसाठी आपलं बूड वडिलोपार्जित ठेवून गेलेला कलेच्या इतिहासातला तो एकमेव गडी असावा.

रेवदंड्याच्या माणसाला यातलं नवल समजावून सांगणं कठीण आहे. तो निदान आज्याच्या वेळेपासून तोफेवर बसतोय.

अलिबागहून मुरुडकडे निघालेली एसटी आक्षी, नागाव, चौल करत येते आणि रेवदंड्यात तटातूनच आत शिरते. बाकीच्या किल्ल्यांना आधी चढावं लागतं, धाप टाकावी लागते, वाटेत ताक प्यावं लागतं. इथे किल्ला तिकिटाच्या पैशात बसल्या जागी येतो. आणि आत आल्यावर पाहावं तर किल्ला दिसतच नाही, नारळ दिसतात. पोर्तुगिजांनी १५१६ मध्ये इथे वखार घातली, मागाहून तट घातले, चर्चं बांधली, मठ बांधले. वसई गेल्यावर १७४० मध्ये त्यांना हेही ठाणं मराठ्यांच्या हवाली करावं लागलं. त्यानंतर किल्ल्याचा खरा ताबा वाडीवाल्यांनी घेतला. आज पडक्या भिंतींच्या आत-बाहेर नारळ आहेत, पोफळी आहेत, केळी आहेत आणि कमानीच्या कडेला झावळ्यांचा ढीग आहे. इतिहासाचा अभ्यासक इथे आला की आधी वाडीवाल्याच्या कुत्र्याशी ओळख करून घेतो. कारभार अजून त्याच्याकडे आहे.

या नारळांतून डोकं काढून सातखणी उभी आहे. सात मजल्यांचा हा मनोरा होता, त्यातले चार उरलेत. नाव मात्र सातखणीच. गावाने तीन मजले कमी झाले म्हणून नाव बदलायची घाई केलेली नाही. हा मनोरा फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चचा, आणि ते चर्च होतं सांता बार्बरा या संतिणीचं. ही बाई गोलंदाजांची पाठराखीण. दारूगोळ्याशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांना तिचं संरक्षण, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. तर त्या बार्बराबाईंच्या पायाशी, गवतात, जुन्या लोखंडी तोफा लोळत पडल्या आहेत. ना चाकं, ना गाडा. गोलंदाज गेले, दारू गेली, शत्रूही गेला. मागे राहिली ती तोफ, आणि दुपारी तिच्यावर येऊन बसणारी मंडळी. त्यांचं रक्षण करणं बार्बराबाईंच्या कामात बसतं की नाही कोण जाणे, पण नारळ अजून कोणाच्या डोक्यात पडला नाही, असं तिथल्या एका आजोबांनी मला तोफेवर बसूनच सांगितलं.

तोफ हे बसण्याचं साधन म्हणून किती विचारपूर्वक घडलं आहे, ते बसल्याशिवाय कळत नाही. मागची बाजू जाड, तोंडाकडे निमुळती. त्यामुळे घरातला कर्ता पुरुष आपोआप जाड बाजूला बसतो, मग त्याची बायको, मग पोरं, आणि तोंडाशी सगळ्यांत धाकटं. रेशनकार्डावरचा क्रम. मधोमध दोन्ही बाजूंना दोन आखूड खुंट्या आलेल्या असतात. तोफ गाड्यावर तोलण्यासाठी त्या होत्या. आता त्यांच्यावर पाय ठेवता येतो, पिशवी अडकवता येते, आणि एका खुंटीवर मी ओला टॉवेल वाळत घातलेला पाहिला आहे. मागच्या टोकाला लोखंडाचा गोल गोळा असतो, तो म्हाताऱ्या माणसाला उठताना हात टेकायला. बत्ती द्यायचं भोक वरच्या अंगाला असतं, त्यात पोरं काड्या खुपसतात. आणि तोंड! ज्या तोंडातून एके काळी आग बाहेर पडली, त्यात आता कुरकुरीतची रिकामी पाकिटं, पाण्याची बाटली, एक चप्पल आणि पावसाळ्यानंतर बेडूक असा ऐवज असतो. कचराकुंडी, पादस्थान, टांगणी आणि बाक असं चारही सोयींचं एकसंध शिल्प कुठल्या कला महाविद्यालयात आजवर झालं आहे?

एकच वैगुण्य. एप्रिलच्या दुपारी सावली सरकली की लोखंड तापतं. मुरुडच्या बाजूला जंजिऱ्यात कलाल बांगडी ही थोरली तोफ आहे, ती कितीही उन्हात तापत नाही, असं तिथले वाटाडे छातीठोकपणे सांगतात. ते सांगतात हाताने थापटून. माझं म्हणणं, विधान बसून करावं. रेवदंड्याची तोफ असा कुठलाही दावा करत नाही. नवखा पर्यटक ऐटीत तिच्यावर घोड्यासारखा स्वार होतो, मोबाइलवाल्याला “घे, घे” म्हणतो आणि दुसऱ्याच क्षणी असा काही उसळतो की, फोटोत तो हवेत येतो. गावातली मंडळी हे बघायलाच समोरच्या सावलीत बसलेली असतात. कलाकृतीने प्रेक्षकाकडून प्रतिसाद घ्यावा, असं जे हल्ली म्हणतात, ते इथे अगदी ठणठणीत घडतं.

तोफ आणि खुर्ची यांचं या खाडीतलं नातं तसं फार जुनं आहे, आणि नेहमीच इतकं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. १५०८ च्या मार्च महिन्यात चौलच्या बंदरात, म्हणजे इथल्या कुंडलिका नदीच्या मुखाशीच, इजिप्तच्या मामलुकांचं आणि दीवच्या मलिक अयाजचं आरमार पोर्तुगिजांवर चालून आलं. पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख होता लॉरेन्सो द आल्मेदा, व्हाइसरॉयचा मुलगा. गोळा लागून त्याची मांडी फुटली. उभं राहता येईना, तेव्हा त्याने डोलकाठीच्या बुंध्याशी खुर्ची मांडून घेतली आणि बसल्या-बसल्या हुकूम सोडू लागला. थोड्याच वेळात दुसरा गोळा आला आणि लॉरेन्सो संपला. रेवदंड्याच्या पाण्यावरच्या, आपल्याला माहीत असलेल्या, पहिल्या सार्वजनिक बैठकीचा हा वृत्तांत. तेव्हा खुर्चीवरच्या माणसावर तोफ यायची. आता माणूस तोफेवर येतो. पाचशे वर्षांत एवढी प्रगती पुष्कळ झाली.

सरकारचं मत अर्थात वेगळं आहे. संरक्षित स्मारकापाशी निळी पाटी असते आणि तिच्यावर १९५८ च्या कायद्याचा मजकूर असतो. स्मारकाची नासधूस किंवा गैरवापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी ही शिक्षा तीन महिने आणि पाच हजार होती, २०१० मध्ये वाढवली. बसणं हा गैरवापर आहे का, यावर रेवदंड्यात मतभेद आहेत आणि ते तोफेवर बसून मांडले जातात. पाटी कशी असावी, हे शिलाहारांना जास्त कळत होतं. उत्तर कोकणात त्यांच्या काळातल्या गधेगाळी ठिकठिकाणी सापडतात. दान दिलेल्या जमिनीला कोणी हात लावला तर त्याच्या घराण्याचं काय होईल, ते दगडात गाढवासकट चित्र काढून दाखवलेलं असतं. मजकूर चारचौघांत वाचण्याजोगा नाही, आणि वाचता न येणाऱ्यालाही लगेच कळतो. मला वाटतं, त्या दगडावर बसायची आजही कोणाची छाती व्हायची नाही. कायद्याच्या पाटीला मात्र टेकून सायकल उभी करता येते.

आता याची उलट बाजू बघा. खास बसण्यासाठी, रीतसर ठराव करून, माप घेऊन बनवलेला सिमेंटचा बाक. कोकण किनाऱ्यावर कुठल्याही गावात चार तरी सापडतील. पाठीवर लाल अक्षरांत ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’, खाली देणगीदार मुलांची नावं, त्याखाली सुनांची, आणि एखाद्या बाकावर जागा उरली तर नातवाचं लाडाचं नावही. अशा बाकावर बसणं अवघड जातं. एकतर अक्षरं पाठीत रुततात. दुसरं म्हणजे, ज्यांच्या हयातीत त्यांच्या ओटीवर आपल्याला कोणी बस म्हटलं नाही, त्यांच्या स्मृतीला टेकून शेंगा खायच्या, हे मनाला पटत नाही. गावातल्या एका बाईंनी सासऱ्यांच्या नावाचा बाक दिलाय. त्या स्वतः त्यावर कधी बसत नाहीत. “चाळीस वर्षं त्यांच्यासमोर बसले नाही, आता काय बसायचं,” म्हणाल्या.

पण हे बाक रिकामे राहतात त्याचं खरं कारण भावनिक नाही, दिशेचं आहे. सगळे बाक समुद्राकडे तोंड करून ठेवलेले असतात. ठेवणारा इंजिनिअर तालुक्याहून किंवा मुंबईहून आलेला. त्याला वाटतं, माणूस समुद्राकाठी समुद्र बघायला बसतो. रेवदंड्याचा माणूस समुद्र कशाला बघेल? समुद्र काल होता, आज आहे, पळून जात नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याला तिथीवरून पाठ. बघायचं ते गावाकडे. कोण एसटीतून उतरलं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या पिशवीतून पापलेटाचं शेपूट बाहेर आलंय, आणि मुंबईची गाडी कोणाच्या वाडीशी थांबली, जमीन विकतायत की काय. संध्याकाळी किनाऱ्यावर जा. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांना टेकून मंडळी बसलेली दिसतील, आणि एकजात सगळ्यांची पाठ समुद्राला. मागे पाणी, पलीकडे कोर्लईचा डोंगर, मावळतीचा सगळा सोहळा, आणि हे बघतायत तटाच्या खिंडाराकडे. पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून सूर्य बघतो, ते सूर्याकडे पाठ करून पर्यटक बघतात. दोघांचीही सोय होते.

होडी हीसुद्धा बसायची वस्तू म्हणून तोफेच्या खालोखाल. कलंडलेल्या होडीचा काठ गुडघ्याच्या उंचीवर येतो, सावली स्वतःचीच असते, आणि बसणाऱ्याच्या हातांना जाळं दुरुस्तीचं काम मिळतं. हाताला काम आणि तोंडाला विषय असला की माणूस तीन तास हलत नाही. बागेतल्या बाकावर हाताला काम नसतं, म्हणून माणूस मोबाइल काढतो, आणि मग शेजारचा माणूस उठून जातो.

मुंबईत या बाबतीत नुसता आनंद आहे. काळा घोडा घ्या. १८७९ साली बसवलेल्या त्या पुतळ्यात घोड्यावर एक राजपुत्र होता, पुढे सातवा एडवर्ड झालेला. १९६५ मध्ये घोड्यासकट त्याला उचलून राणीच्या बागेत नेलं. चौकाचं नाव मागे राहिलं, घोडा गेला. मग २०१७ मध्ये नवा घोडा आणला, चांगला उंच चौथऱ्यावर, पण स्वाराशिवाय. म्हणजे महाराष्ट्राच्या राजधानीत भर चौकात एक बैठक रिकामी आहे आणि तिच्यासाठी आजवर कोणी दिल्लीला गेलेलं नाही. त्याच चौकाच्या आसपास १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीत कलामहोत्सव भरतो. रस्त्यावर मोठमोठी शिल्पं मांडतात, काही तर मुद्दाम लोकांनी जवळ यावं म्हणून केलेली, आणि त्यांच्याभोवती दोरी बांधतात, कारण लोक जवळ येतात.

आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचे पुतळे दोन ठिकाणी आहेत. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये २००१ पासून, मुंबईत वरळीच्या समुद्राकाठी २००७ पासून. दोन्हीकडे तो उभा. एवढा मोठा मान केला, पण बसायला कोणी सांगितलं नाही. वरळीला त्याच्यासमोरून रोज हजारो माणसं जातात, त्यातली निम्मी लोकल आणि बसमध्ये उभी राहूनच आलेली असतात. त्यांना तो आपला वाटतो तो त्यामुळेच असणार.

खरा लोकांचा म्हणावा असा शिल्पप्रकार एकच झाला, तो म्हणजे मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. पार्क १९५२ चं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल पूर्वी मुंबईला यायची तेव्हा आधी राणीची बाग, मग तारापोरवाला मत्स्यालय, मग बूट. त्या बुटात शिरायचं, वर चढायचं, खिडकीतून तोंड काढून खाली उभ्या असलेल्या मास्तरांना हाक मारायची आणि पटकन लपायचं. शिल्प लोकांत मिसळतं ते असं. आणि शिवाजी पार्कचा कट्टा. तो तर कोणी शिल्प म्हणून बांधलाच नाही. मैदानाभोवती बुटकी भिंत घातली, ढोरं आत येऊ नयेत किंवा चेंडू बाहेर जाऊ नयेत, कशासाठी असेल ती. मराठी माणसाने ती बघितली, उंची गुडघ्याएवढी आहे हे हेरलं आणि ठाण मांडलं. नाटकाच्या तालमी, क्रिकेटची निवड समिती, लग्नं जमवणं आणि मोडणं, सगळं त्या भिंतीवर.

माझा सिद्धांत असा आहे की, गुडघ्याच्या उंचीची, सावलीत असलेली आणि जिथून दुसऱ्याच्या घराचं दार दिसतं अशी कुठलीही वस्तू महाराष्ट्रात आठ दिवसांत बाक होते. मग तो पार असो, मोरी असो, पडकी तोफ असो की नळपाणी योजनेचा आणून टाकलेला आणि न पुरलेला पाइप असो. आणि यातली एकही अट मोडली तर सोन्याचा बाक केला तरी त्यावर कुत्रं झोपतं. कॉन्स्टन्टिन ब्रान्कुशी हा शिल्पकार केवढा मोठा. त्याने १९३८ मध्ये रुमानियात तिर्गू झिऊ या गावी बागेत दगडाचं गोल मेज आणि भोवती बारा बैठका मांडल्या. बैठका मेजापासून इतक्या दूर की, बसलेल्याचं कोपर मेजावर टेकत नाही. नाव ‘मौनाचं मेज’. बाराजणांना कोपरं टेकता येणार नसतील आणि बोलताही येणार नसेल, तर रेवदंड्यात ते मेज फुकट दिलं तरी कोणी उतरवून घेणार नाही.

खुद्द रेवदंड्यात परदेशी पाहुण्याचं म्हणावं असं एक स्मारक आहे. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या बराच आधी, विकायला एक घोडा बरोबर घेऊन चौलच्या बंदरात उतरला. त्याच्या आठवणीसाठी २००२ मध्ये इथल्या शाळेच्या आवारात स्तंभ उभारला. स्तंभ चांगला आहे, पण सरळ आहे. सरळ वस्तूवर बसता येत नाही. तिकडे त्वेरमध्ये त्याच्या पुतळ्याला घोड्याच्या डोक्याची नाव दिली आहे, आणि इथे तो ज्या बंदरात घोडा घेऊन उतरला, तिथे घोडाही नाही आणि नावही नाही. निकितिनने लिहून ठेवलंय की, इथे तो जाईल तिथे लोक गोळा होऊन त्याच्याकडे बघत राहत. त्याला ते विचित्र वाटलं असेल. त्याला कोणी सांगायला हवं होतं की, बाबा, ते फक्त गावाकडे बघत होते, मध्ये तू आलास.

एवढं सगळं असताना रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एखादं नव्या पद्धतीचं बसायचं शिल्प आलं तर काय होईल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. समजा, आलं. मुंबईचा तरुण कलावंत, मागे वेणी, पायात कोल्हापुरी. ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्याने संगणकावर चित्रं दाखवली. पांढरीशुभ्र, वळणदार, लाटेसारखी वस्तू. कुठे उंच, कुठे सखल. माणूस बसला की त्याच्या वजनाने आतून सूर निघणार. तीनजण बसले की तीन सूर. लोक एकमेकांशी जोडले जाणार.

पहिला प्रश्न सरपंचांचा येईल, पाटी कुठे लावायची? वळणावर पाटी बसत नाही, तेव्हा एक सरळ बाजू काढा. उद्घाटनाला मंत्री येणार, तर ते बसल्यावर सूर कोणता निघणार, हे आधी कळलं पाहिजे. विरोधी गटाचा सदस्य विचारेल की, वजनाप्रमाणे सूर असेल तर गावात चर्चा होईल, त्याला जबाबदार कोण. भजनी मंडळाचे बुवा म्हणतील, सूर काळी चार ठेवा, म्हणजे आमची पेटी जुळेल. किनारा आहे, तेव्हा मेरीटाइम बोर्ड, किनारा नियमन, पुरातत्त्व, अशा तीन परवानग्या लागतील आणि त्या येईपर्यंत कलावंताची वेणी पांढरी होईल. एक निवृत्त गुरुजी उठून सांगतील की, कोकणात आवाज करणारं, हलणारं, दोन-तीन माणसांना जोडणारं आसन पूर्वापार आहे, त्याला झोपाळा म्हणतात, ते पडवीत असतं, त्याच्या कड्या कुरकुरल्या की कोण बसलंय ते स्वयंपाकघरात न बघता कळतं. सुनेला तर कुरकुरण्यावरून सासूबाईंचा त्या दिवशीचा स्वभावही कळतो. कलावंत हे वहीत लिहून घेईल. आणि गुरुजींचं म्हणणं बिनतोड आहे, हे मी या बाजूने सांगून ठेवतो. पितळी कड्यांच्या झोपाळ्यापुढे हेदरविकचा भोवरा पाणी भरेल. फक्त झोपाळा आपण घरात ठेवला आणि बाहेर सिमेंट पाठवलं, ही आपली चाल चुकली.

मग जागेवरून वाद. कलावंताला वस्तू पाण्याकडे तोंड करून हवी. गावाला एसटीकडे तोंड करून हवी. तोड निघेल ती अशी की, शिल्प गोल करावं, म्हणजे ज्याला जे बघायचं ते बघेल. कलावंत म्हणेल, मूळ कल्पनाच बदलते. सरपंच म्हणतील, कल्पना बदला, निधी मार्चअखेर आहे.

एव्हाना मागच्या रांगेतल्या पोरांनी ठरवलेलं असेल की, लग्नाआधीचे फोटो काढायला इथे ताशी किती घ्यायचे. एकजण कोपऱ्यातून सुचवेल की, एवढा खर्च करण्यापेक्षा सातखणीखालची एखादी तोफ क्रेनने उचलून आणा आणि पांढरा रंग द्या. त्याला सगळे गप्प करतील, कारण पुरातत्त्ववाल्यांचा माणूस सभेत असू शकतो, शिवाय तोफेवर सध्या जे बसतात, ते कुठे जाणार.

तेवढा वेळ दाराशी टोपली मांडीवर घेऊन एक कोळीणबाई बसलेल्या असतील. आल्यापासून त्यांनी तोंड उघडलेलं नसेल. कलावंताने शेवटी, कोणाला काही शंका, असं विचारल्यावर त्या पदर खोचून उठतील आणि भिंतीवरच्या चित्राकडे, त्या पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, दिवसभर ऊन खाणाऱ्या लाटेकडे एकदा नीट बघून म्हणतील, “ता सगला बरा हाय. पन जवला वालत घालाला उतार कंच्या अंगाला ठेवनार, तेवरा सांगा.”